तुफान्याची गाडी

चौथीच्या बाईंना राग यायला कारण लागत नाही, असं शाळेत सगळे म्हणत. खडू ओला निघाला तरी त्यांच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा, आणि मुलं पाटीआड तोंड लपवून तो शेंडा बघायची. असला राग घंटा होईपर्यंत विरून जातो. पण मुलांच्या इतिहास संग्रहालयात त्यांना जो राग आला तो निराळा होता. तो आला, आणि आल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

झालं असं, की चौथीची सहल त्या संग्रहालयात ठरली होती. संग्रहालय नवं कोरं, अजून उघडायचं होतं. जुन्या काळची मुलं काय शिकत, काय खेळत, कशावर झोपत, हे सगळं तिथे मांडलेलं. उघडण्याच्या दिवशी पहिली शाळा म्हणून यांचाच नंबर लागला होता, त्यामुळे हेडसर महिनाभर छाती काढून फिरत होते.

या शाळेची एक जुनी पद्धत. सहल कुठलीही असो, वर्गाच्या बाईंनी आधी एकटीनं जायचं आणि मुलं जिथून जिथून जाणार तिथून स्वतः चालून यायचं. नळ कुठे, संडास कुठे, रांग कुठे वळेल, कुठल्या कठड्यातून कुणाचं डोकं आत जाईल आणि बाहेर येणार नाही. याला शाळेत ‘पायवाट करणं’ म्हणत. एका वर्षी बेकरीची पायवाट कुणी केली नाही आणि एक मुलगा पिठाच्या पिंपात उलटा पडला. तेव्हापासून हा नियम कुणी मोडत नाही.

तर बाई पायवाट करायला गेल्या. दाराशी संग्रहालयाच्या मॅडम भेटल्या. मॅडम म्हणजे चोविशी-पंचविशीची पोरगी, गळ्यात ओळखपत्र, तोंडात साखर. खालच्या मजल्यावर जुने बाक, दौती, छड्यासुद्धा. बाईंनी सगळं बघितलं, रांग कशी वळवायची ते मनात धरलं. मग अरुंद लाकडी जिना चढून दोघी वर गेल्या. वर ‘खेळघर’ होतं.

आणि खेळघराच्या मधोमध, चौथऱ्यावर, दिव्याच्या झोतात, त्यांच्या भावाचा पांगुळगाडा उभा होता.

ओळखायला वेळ लागला नाही. बाईंचे वडील सुतार. तान्ह्या पोरांचा पांगुळगाडा गुडघ्याएवढा असतो. हा कमरेएवढा होता, कारण तो तान्ह्या पोरासाठी केलेलाच नव्हता. बाईंचा धाकटा भाऊ सात वर्षांचा झाला तरी चालत नव्हता. त्याच्यासाठी वडिलांनी चांगल्या लाकडाचा, तीन चाकांचा हा गाडा केला. दोन्ही उभ्या दांड्यांना खालपासून वरपर्यंत भोकं पाडली. पोरगं वाढलं की धरायची आडवी काठी एक भोक वर. अशी ती काठी वर वर चढत गेली, आणि तिच्या मागे मागे भाऊ.

आता त्या भोकांत रंगीत कागदी झेंडे खोवलेले होते.

बाजूला पाटी होती. बाईंनी ती वाचली. ‘तुफान्याची गाडी. पूर्वी मुलं अशा गाडीवरून उतारावर शर्यत लावायची. भोकांत रंगीत झेंडे खोवायची. तुफान्या नेहमी पहिला यायचा. चला, तुम्हीही लावा शर्यत!’ पाटीच्या वर चित्र होतं. पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घातलेला एक गुबगुबीत मुलगा, पाय हवेत उडवत निघालेला. आणि खाली जमिनीवर रंगानं आखलेली धावपट्टी, तिच्यावर अशाच दोन नव्या गाड्या.

“ही कुठून आणली?” बाईंनी विचारलं. आवाज अगदी सरळ होता.

“देणगीत आलीय, टीचर. इथल्याच एका टेलरकाकांनी दिली. इतका गोड माणूस आहे ना.”

“माझा धाकटा भाऊ आहे तो.”

“अय्या, हो? मग तर तुमचा फोटोच घ्यायला हवा गाडीबरोबर.”

“ही शर्यतीची गाडी नाही. पांगुळगाडा आहे. माझ्या भावाला चालता येत नव्हतं.”

मॅडमच्या तोंडातली साखर जरा विरघळली. “हो,” ती हळूच म्हणाली, “त्यांनी सांगितलं होतं.”

म्हणजे माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून केलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती इथे.

“सांगितलं होतं, मग हे काय आहे?”

“टीचर, आमच्याकडे असं ठरलंय, की प्रत्येक वस्तूमागे एक हसरं मूल हवं. छोटी मुलं येणार. आम्ही आधी एका कोपऱ्यात आजारपणाच्या वस्तू मांडून काही पालकांना बोलावून दाखवल्या, तर ते म्हणाले, मुलं घाबरतील. म्हणून मग आम्ही त्यातला आनंदाचा भाग...”

“आणि हे झेंडे? हा कुठल्या आनंदाचा भाग?”

“ती भोकं कशाची ते आम्हाला कळलं नाही. मग आमच्या सजावटवाल्याला वाटलं...”

“विचारायला तोंड नव्हतं त्याला?”

बाई दोरी ओलांडून चौथऱ्यावर चढल्या आणि एकेक झेंडा उपटायला लागल्या. “टीचर, प्लीज, हात नका ना लावू,” मॅडम म्हणत राहिली. बाईंनी सगळे झेंडे उपटले, त्यांची नीट जुडी केली, तिच्या हातात दिली आणि जिना उतरल्या. पायवाट अर्धी राहिली. वरचे संडास कुठे आहेत ते बघायचं राहूनच गेलं.

रस्त्यानं त्यांना भावापेक्षा भाची जास्त दिसत होती. भावाची मुलगी भिंगरी बाईंच्याच वर्गात होती. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. घरच्या पलंगामागे तो गाडा होता तेव्हा ती त्यात बाहुल्या झोपवायची, आणि तो बाबांचा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. सगळा वर्ग त्या गाडीभोवती ‘तुफान्या, तुफान्या’ करून नाचेल तेव्हा ती पोर काय करेल? ‘ही माझ्या बाबांची’ म्हणाली तर मुलं तिच्या बाबांचे पाय आठवतील, मग चित्रातले पाय बघतील आणि हसतील. काही न बोलता सगळ्यांबरोबर नाचली, तर ते बाईंना त्याहून वाईट वाटत होतं.

शाळेत येऊन त्या थेट हेडसरांच्या खोलीत शिरल्या आणि म्हणाल्या, “माझा वर्ग त्या संग्रहालयात जाणार नाही.” का ते सांगितलं.

हेडसर बिस्किट चहात बुडवत होते. ते बुडालंच. “बाई, जरा समजून घ्या. पहिली शाळा म्हणून आपलं नाव लागलंय. एका पाटीपायी...”

“पाटी त्यांनी जाणूनबुजून खोटी लिहिलीय.”

“अहो, पण मुलांना त्यात मजाच वाटणार ना?”

“तेच म्हणतेय मी.”

“हे बघा,” हेडसरांनी चमचा खाली ठेवला. “वर्ग तुमचा असला तरी शाळेचा आहे. तुम्हाला जायचं नसेल तर तिसरीच्या बाई नेतील.” मग जीभ सैल सुटून म्हणाले, “आणि तुमच्या बंधूंना एवढं वाईट वाटलेलं दिसत नाही. सहलीबरोबर पालक म्हणून येतो असं स्वतः सांगून गेले. मीच नको म्हटलं.”

“का?”

“वर जिना आहे. आणि पालक म्हणजे पोरांच्या मागे पळणारी माणसं हवीत. उगाच त्यांनाही त्रास.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुम्हाला सांगायचं म्हणजे,” हेडसर म्हणाले, “आधी कपबशी आत ठेवावी लागते.”

बाईंनी कपबशीकडे बघितलं. ती फोडावीशी वाटली होती, हे खरं. त्या दार न आपटता बाहेर पडल्या, आणि शाळा सुटल्यावर भावाच्या दुकानात गेल्या.

भाऊ मशीनवर बसला होता. पायानं चालवायची मशीन त्याला कधी जमली नाही. मोटर बसवून घेतली होती आणि तिचं बटण कोपराजवळ. कुबड्या कापडाच्या ठाणांना टेकून उभ्या. आतल्या पडद्यामागे भिंगरी अभ्यास करत होती, म्हणजे पेन्सिल चावत होती.

“ताई, आधी बस,” तो मान वर न करता म्हणाला. “तुझ्या चपलांच्या आवाजावरून कळलं, कुणाचं तरी काही खरं नाही.”

“गाडा तू दिलास?”

“दिला.”

“मला न विचारता?”

“माझा होता.”

“बाबांनी केलेला होता.”

“माझ्यासाठी.”

बाईंनी दात-ओठ खाल्ले. “त्याचं त्यांनी काय केलंय ते बघितलंस?”

“वर ठेवलाय म्हणे. वर कसा बघणार?”

मग बाईंनी सगळं सांगितलं. झेंडे, पाटी, धावपट्टी, तुफान्या. तुफान्या ऐकल्यावर भावाला हसूच आलं. “नेहमी पहिला यायचा? मी?”

“हसतोस काय?”

“अगं, उताराचं मीच सांगितलं त्यांना. आठवत नाही? तू मागून ढकललंस, गल्लीतली पोरं बोंबलत मागे, आणि मी त्या खडीच्या ढिगात. हा दात गेला तेव्हा. तू रडत होतीस आणि मी हसत होतो.”

“आणि बाकीचं? पोरं चाकाखाली दगड सरकवायची, तू तोंडावर आपटलास की टाळ्या पिटायची, ते?”

“तेही सांगितलं. सगळं सांगितलं. ती पोरगी रडायला लागली. माझं चांगलं अस्तर घेतलं नाक पुसायला. मग म्हणाली, काका, एखादी आनंदाची आठवण सांगा ना. म्हणून मग हे सांगितलं.”

“आणि तेवढंच ठेवलं त्यांनी.”

“शर्यत खोटी नाही, ताई.”

“चित्र काढलंय वर. पोराचं.”

“मग?”

“पाय उडवत निघालाय तो. पट्ट्यांचे मोजे घातलेत.”

भावाचा हात बटणावरून उठला. मशीन थांबली. “पाय कसे दाखवलेत?”

“धडधाकट.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

तो काही वेळ हातातल्या सदऱ्याची कॉलर चाचपत राहिला. मग सदरा त्यानं टेबलावर टाकला, घडीही केली नाही. “म्हणजे शर्यत ठेवली,” तो म्हणाला, “आणि मला काढून टाकलं.”

बाईंना वाटलं, आता आला मार्गावर. त्या सरसावून बसल्या. “मी सोडणार नाही त्यांना. उद्या सकाळी टेम्पो घेऊन जाते आणि गाडा उचलून आणते. पेपरवाल्यांना सांगते. त्या हेडसरच्या...”

“तू काही करणार नाहीस.”

“म्हणजे?”

“म्हणजे गप्प बसणार आहेस.” त्याचा आवाज चढला नाही, पण असा कोरडा तो सहसा होत नसे. “लहानपणापासून बघतोय. मी पडलो की तू ओरडायचीस. मग लोक तुझ्याकडे बघायचे, माझ्याकडे कुणी बघायचंच नाही. मी आपला धुळीत, आणि वर तुझं भांडण चाललेलं. त्यांना माझं हसणंच हवंय आणि तुला माझं पडणंच आठवतं. दोघांत मिळून अख्खा मी कुठे आहे ते तरी सांग.”

बाईंना असं कुणी बोललं नव्हतं. हेडसर नाही, सासू नाही. “तुझ्यासाठी भांडले ते चुकलं माझं?” त्या म्हणाल्या.

“चुकलं म्हणत नाही. कंटाळा आला म्हणतोय.”

तेवढ्यात पडद्याबाहेर डोकं आलं. “आत्या, आपला गाडा तिथे आहे?” भिंगरीनं विचारलं. शाळेत बाई आणि घरी आत्या, आणि ओरडा मात्र दोन्हीकडे सारखाच, अशी तिची तक्रार असे. “मग सहलीत मी मुलांना सांगू, की आपला आहे?”

भिंगरीनं एकदा बापाकडे, एकदा आत्याकडे बघितलं आणि डोकं आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात पालकांची सभा होती. मोठी माणसं मुलांच्या बाकांत गुडघे छातीशी घेऊन बसली होती. फळ्याजवळ हेडसर, त्यांच्या शेजारी संग्रहालयाच्या मॅडम, तिच्या हातात रंगीत तक्ते. दाराशी तिसरीच्या बाई, वेळ पडली तर हजर असाव्यात म्हणून हेडसरांनी बोलावलेल्या. चौथीच्या बाई खिडकीशी उभ्या. रात्रभर बोलायची वाक्यं जुळवून आणली होती त्यांनी, एकेक असं, की ऐकणाऱ्याला आठ दिवस भाकरी गोड लागू नये.

मॅडमनं शर्यत कशी होईल ते सांगायला सुरुवात केली, आणि व्हरांड्यात कुबड्या वाजल्या. भाऊ आत आला. बाकात त्याला बसता येत नसे, म्हणून तो सरळ पुढे जाऊन बाईंच्या खुर्चीत बसला. बाई त्याला काही सांगायला गेल्या, तर त्यानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“चालू द्या,” तो म्हणाला. “मी तुफान्या.”

काही पालक हसले, काहींना कळलं नाही. मॅडमचा चेहरा पडला. “काका, मी तुमच्याकडे येणारच होते. आम्ही ठरवलंय, पाटीखाली एक ओळ घालू.”

“काय घालणार?”

“की ‘ही गाडी एका जिद्दी मुलाची होती.’”

“जिद्दी कुठला,” भाऊ म्हणाला. “चालायला उभं करायचे तेव्हा मी पलंगाखाली सरपटत जाऊन लपायचो. वडील पाय धरून ओढून काढायचे. काठी एक भोक वर गेली की मी त्यांना शिव्या घालायचो. जिद्द त्यांची होती. मला भोवऱ्याशी खेळायचं होतं.”

“मग काय लिहू ते तुम्हीच सांगा.”

“एकाच्या अंगाचं माप घ्यायचं आणि दुसऱ्याला सदरा शिवून द्यायचा, असं मी केलं तर गिऱ्हाईक मला उभा चिरेल. तुम्ही मात्र गोड बोलून केलंत. वर माझंच अस्तर घेऊन रडलात.” तो थांबला. “आता काही लिहू नका. मला माझा गाडा बघायचाय. पालक म्हणून मी सहलीबरोबर येतोय.”

हेडसर खाकरले. “येऊ नका असं नाही हो, पण वर जिना आहे. तुम्ही चढणार कसे?”

“बसून. एक पायरी, की मग पुढची.”

“आणि मुलं? त्यांचा खोळंबा होईल.”

“होऊ द्या,” खिडकीजवळून बाई म्हणाल्या. जुळवून आणलेली वाक्यं घशात गर्दी करत होती. त्यांनी ती कशीबशी मागे ढकलली. “पायवाट मी करते. माझा वर्ग यांच्या मागून चढेल. कुणी पुढे जाणार नाही.”

पुढच्या बाकातल्या एका आईनं हात वर केला. “पण मग शर्यतीला वेळ उरेल ना? आमचा तर नुसता शर्यत शर्यत करतोय घरात.”

“शर्यत नाही,” बाई म्हणाल्या.

“आहे,” भाऊ म्हणाला. “शर्यत होणार. मलाही बघायचीय.”

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की ती आई घाईघाईनं हात खाली घेऊन बसली.

हेडसरांनी दाराकडे मान वळवली. “असा सगळा घोळ होणार असेल तर तिसरीच्या बाईंनाच...”

“मी नाही जायची,” तिसरीच्या बाई म्हणाल्या. त्यांनी चौथीच्या बाईंकडे मुद्दामच बघितलं नाही; दोघींचं एरवी फारसं पटत नसे. “मला जिन्यावर चक्कर येते.”

“तुम्हाला? तुम्ही तर दुसऱ्या मजल्यावर राहता.”

“म्हणूनच तर येते.”

मॅडम तक्ते गुंडाळत होती, आणि ते पुन्हा पुन्हा उलगडत होते. “काका,” ती म्हणाली, “चित्र मात्र उद्घाटनाच्या आधी बदलता येणार नाही. चिकटवलंय ते.”

“राहू द्या. मी त्याच्या शेजारी उभा राहतो. पोरांना डोळे आहेत.”

“आणि मुलं हसली तर?”

“हसतील. माझी पोरगी असेल तिथे. तिनं ते माझ्या शेजारी उभं राहून ऐकलेलं बरं. मी खाली राहायचं आणि तिनं वर एकटीनं ऐकायचं, हे मला नको.”

मॅडम एवढंच म्हणाली, की झेंडे परत लावणार नाही. भाऊ म्हणाला, त्याबद्दल मी आभारबिभार मानणार नाही.

सभा संपली. पालक गुडघे चोळत उठले. व्हरांड्यातून बहीणभाऊ बाहेर निघाले; तो पुढे, बाई अर्धं पाऊल मागे, सवयीनं.

“दगडांचं सांगशील ना मुलांना?” बाईंनी विचारलं.

“ठाऊक नाही. त्या वेळी तोंडात येईल ते सांगेन.”

“तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. कळू दे त्यांना, पोरं कशी असतात ते.”

तो थांबला. कुबडीवर भार टाकून पूर्ण वळला. “ताई, तू सगळ्यांच्या मागे चढायचंस. शेवटच्या पोराच्या मागे कुणीतरी लागतंच ना? ती तू.”

“मला तिथून काही दिसणार नाही.”

“म्हणून तर.”

“आणि तू पडलास तर?”

“तर पडेन.”

बाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मागे राहा म्हणतो. ज्याचे दगड आपण एकेक करून उचलले, ज्याच्यासाठी गल्लीतल्या निम्म्या पोरांचे केस उपटले, तो आपल्याला रांगेच्या शेपटाला उभं करतो. बोलायला इतकं होतं, की कुठून धरावं ते कळेना. “बरं,” त्या म्हणाल्या. ते ‘बरं’ कुणाच्या अंगावर फेकलं असतं तर खोक पडली असती.

फाटकाबाहेर एक उंच पायरी होती. बाईंचा हात आपसूक त्याच्या कोपराकडे गेला. त्यानं त्या हाताकडे बघितलं. बाईंनी हात मागे घेतला, आणि आता त्याचं काय करायचं ते न सुचून पर्समध्ये घालायला गेल्या, तर पर्सची चेन अडकलेली. त्यांनी चेन ओढली, हिसडली, तिच्या कारखानदाराचा उद्धार केला, सगळा राग त्या चेनीवर काढला. मान वर केली तेव्हा तो पायरी उतरून रस्त्याला लागला होता.